चालत्या होडीमागचा गळ

प्रश्न : परदेशी व्हिडिओंत चालत्या होडीमागे गळ ओढत क्रॅपी मासे पकडतात. पूर्णेवरच्या येलदरी जलाशयात हे जमेल का?
– एक वाचक, मंठा

उत्तर : क्रॅपी उत्तर अमेरिकेतला, आपल्याकडे तो नाही. पण शिवड्यासारख्या शिकारी माशासाठी ही पद्धत चालेल. रोहू-कटल्यासाठी मात्र पिठाचा गोळाच बरा. मरळ काठच्या पाणगवतात दडतो, तिथे ओढता गळ अडकणारच. होडी वल्ह्यानेच, माणूस रमतगमत चालेल इतक्या वेगाने न्या. दोरी 20 मीटरभर मागे सोडा. गळ तळाला घासला तर वेग किंचित वाढवा. वळताना आतल्या बाजूचा गळ मंदावून खोल उतरतो. मासा पुष्कळदा तेव्हाच लागतो. खरे कसब वळण साधण्यातच. जलाशयातली मासेमारी ठेक्याने दिलेली असते, तेव्हा परवानगी आधी घ्या. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, गळ घरीच ठेवा.