चुकलें कोठें, हें कोणीं सांगावें?

सराव केला म्हणजे खेळ सुधारतो, असें आपण नेहमीं ऐकतों. पण हें वाक्य अर्धेंच खरें आहे. १९२७ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनीं कांहीं जणांस डोळे मिटून ठराविक लांबीच्या रेषा पुनःपुन्हां काढावयास लाविलें. रेषा जमली कीं नाहीं हें ज्यांस कळविलें नाहीं, त्यांच्यांत शेंकडों रेषा काढूनहि सुधारणा झाली नाहीं. ज्यांस 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेंच सांगितलें, ते सुधारले. केलेल्या कृतीचें उत्तर कर्त्यास परत मिळालें पाहिजे. या उत्तरास शास्त्रांत प्रत्याभरण म्हणतात.

तें दोन वाटांनीं येतें. एक वाट आपल्या डोळ्यांची, कानांची व स्नायूंची. चेंडू बॅटच्या मध्यावर बसला कीं कडेला लागला, हें मनगटच सांगतें. दुसरी वाट बाहेरची. शिक्षक, सोबती, फीत, घड्याळ यांची. तिच्यांतहि भेद आहे. 'उडी चौदा फूट पडली' हें परिणामाचें ज्ञान. 'उडतांना गुडघा वर आला नाहीं' हें कृतीचें ज्ञान. मुलांना आकडे प्रिय असतात. परंतु नवशिक्याला दुसऱ्या प्रकाराची गरज अधिक, कारण वाळूंतली खूण त्याला दिसतेच, स्वतःचा गुडघा मात्र दिसत नाहीं. अलीकडे घरोघरीं असलेला फोन गुडघाहि दाखवितो. पण चित्रांत पाहावें कोठें हें कोणीं सांगितलें नाहीं, तर मुलगा आपला चेहराच न्याहाळीत बसतो!

मग शिक्षकानें प्रत्येक उडीनंतर बोलावें काय? १९९० सालीं विन्स्टाइन व श्मिट या अमेरिकन संशोधकांनीं हाताच्या एका हालचालीचा सराव दोन गटांकडून करविला. एका गटास प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली; दुसऱ्यास सुमारें निम्म्या प्रयत्नांनंतरच, तींहि आरंभीं अधिक व पुढें कमी. दुसऱ्या दिवशीं कांहींहि न सांगतां परीक्षा घेतली, तेव्हां दुसरा गट सरस ठरला. सारखें सांगितल्यानें शिकणारा त्या सांगण्यावर रेलतो आणि आपल्या अंगाचें ऐकेनासा होतो, असें याचें कारण मानितात.

ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन लहानपणीं बाउरल गांवीं घरामागील पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू फेकीत आणि वेडावांकडा परत येणारा तो चेंडू एका स्टंपनें मारीत. कसोटी सामन्यांतील त्यांची ९९.९४ ची सरासरी या खेळाचेंच फळ, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि तेथें प्रत्येक फटक्याचें उत्तर चेंडूच देत असे, आणि तेंहि तत्काळ.

पालकांस एक विनंति आहे. सामन्याच्या वेळीं सीमेबाहेरून 'पाय पुढें टाक!', 'अरे, असा काय मारतोस!' अशा आरोळ्या येतात. पहिलींत निदान सूचना आहे. दुसरींत मुलाच्या उपयोगाचें कांहींच नाहीं. आणि दोन्ही नेमक्या अशा क्षणीं येतात, कीं जेव्हां त्याचें लक्ष चेंडूवर हवें. या आरोळ्यांना कंटाळून चांगलीं खेळणारीं मुलें मैदान सोडून गेलेलीं मीं पाहिलीं आहेत.

उडीच्या तासाला एक प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. मुलगा वाळूंतून उठला म्हणजे खुणेकडे पाहूं न देतां त्यालाच विचारावें, "किती पडली असेल? कोठें कमी पडलास?" त्याचें उत्तर पुरें ऐकून घ्यावें; फीत त्यानंतर धरावी.