राजगिरा एकादशीपुरताच का?

परवा दवाखान्यात एक आई आल्या. मुलाला सीलिअ‍ॅक आजार. गव्हातील ग्लुटेन त्याच्या आतड्याला सोसत नाही. "डॉक्टर, पोळी बंद केली. आता डब्यात देऊ काय?" मी म्हणालो, "राजगिऱ्याचे थालीपीठ." त्या हसल्या, "म्हणजे रोज उपवासच!"

राजगिऱ्यात ग्लुटेन नाही. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने व ८ मिलिग्रॅम लोह असते. गव्हात कमी पडणारे लायसिनही त्यात चांगले असते. अडचण शेतात आहे. दाणा अगदी बारीक, शिवाय पिकला की झडतो. म्हणून सुधारित वाण हवेत.

पूर्वी गुण पारखायला पीक हाती येईपर्यंत थांबावे लागे. आता कोवळ्या पानातील डीएनएवरच्या जनुकीय खुणा, म्हणजे मार्कर, तपासता येतात. आपण रक्त तपासतो तसेच. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये राजगिऱ्याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. रानटी राजगिऱ्याचे बी काळे, पिकाचे फिकट. या रंगाशी निगडित जागा २०२० मध्ये दोन गुणसूत्रांवर दाखवल्या गेल्या. मात्र उतारा व प्रथिने अनेक जनुकांवर आणि जमिनीवरही अवलंबून असतात; तेथे एक खूण पुरत नाही.

त्या आईंना शेवटी एकच बजावले: राजगिरा गिरणीत गव्हावर दळू नका. घरीच निवडून, मिक्सरमध्ये वेगळा दळा. चिमूटभर गव्हाचे पीठही या मुलाला बाधते.