पर्जन्यमापक, पीकविमा आणि स्वयंचलित करार

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड आदी तालुक्यांत द्राक्षबागाईतदाराचे वर्षभराचे श्रम एका रात्रीच्या अवकाळी पावसाने वाया जाऊ शकतात. अशा वेळी भरपाई वेळेवर हाती पडली तरच पुढील हंगामाची छाटणी व फवारणी यांचा खर्च भागतो. या दृष्टीने संगणकक्षेत्रातील ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजेच स्वयंचलित करार, समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कराराचे स्वरूप

ही कल्पना निक साबो यांनी १९९० च्या दशकात मांडली. नाणे टाकताच वस्तू देणारे यंत्र हे तिचे साधे उदाहरण होय. २०१५ मध्ये इथेरियम हे संगणकजाळे सुरू झाल्यावर तिला व्यवहारात मोठी चालना मिळाली. कराराच्या अटी संगणकाच्या आज्ञावलीत लिहितात. ही आज्ञावली आणि व्यवहारांची नोंदवही अनेक संगणकांवर एकाच वेळी असते. त्यामुळे एकट्याला जुन्या नोंदीत फेरफार करणे अत्यंत कठीण जाते. या नोंदवहीस ब्लॉकचेन म्हणतात. ठरलेली घटना घडल्याची वर्दी मिळताच अट तपासली जाते आणि आधी जमा केलेली रक्कम लाभधारकाकडे वळती होते.

फळपिकांशी संबंध

२०१६ मध्ये लागू झालेल्या पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेचे तत्त्व याच्या जवळचे आहे. तीत पाऊस, तापमान इत्यादींच्या मर्यादा आधीच ठरतात आणि संदर्भ हवामान केंद्रातील नोंदींवरून भरपाई देय होते. मात्र आकडे पडताळून रक्कम देण्याचे काम विमा कंपनी करते. स्वयंचलित कराराने हा अखेरचा टप्पा जलद होऊ शकेल.

तीन पथ्ये

पहिले पथ्य नोंदीचे. करार स्वतःहून आकाशाकडे पाहत नाही. त्याला बाहेरून वर्दी द्यावी लागते. पर्जन्यमापक झाडाखाली असेल, तर चुकीचा आकडाही तितक्याच तत्परतेने अमलात येईल. शिवाय केंद्रावर कोरडे आणि बागेत पाऊस, असेही घडते.

दुसरे पथ्य निधीचे. रक्कम आधी जमा नसेल, तर अट पूर्ण होऊनही देणे निघणार नाही.

तिसरे पथ्य अटींच्या शब्दांकनाचे. २०१६ मध्ये इथेरियमवरील ‘द डाओ’ या निधीच्या आज्ञावलीतील दोषाचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर वळते करण्यात आले. यंत्राने हेतू पाहिला नाही; लिहिलेले तेवढेच पाळले.

स्थानिक जबाबदारी

यंत्र विलंब कमी करील. न्याय मात्र मोजमापाच्या खरेपणावर अवलंबून राहील. म्हणून आपल्या गावाचे संदर्भ केंद्र कोणते, ते मोकळ्या जागी व सुस्थितीत आहे काय आणि भरपाईची मर्यादा किती, याची माहिती पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पावसाची दैनंदिन नोंद ठेवून घ्यावी. दाव्यासाठी तिला केंद्राच्या नोंदीचे स्थान नसले, तरी मोठी तफावत वेळीच दाखवून देण्यास ती साहाय्यभूत ठरेल.