जगाच्या इतिहासावरील निबंध : विषयाची निवड कशी करावी?

जगाच्या इतिहासावर निबंध लिहावयाचा आहे असे कळताच खेड्यातील शिक्षकाच्या मनात प्रथम येतो तो संकोच. मोठे ग्रंथालय जवळ नाही, परदेश पाहिलेला नाही. मग जगाविषयी आपण काय लिहिणार, असे त्याला वाटते. या संकोचातून सुटण्यासाठी तो एखादे मार्गदर्शक पुस्तक हाती घेतो आणि त्यातील ‘फ्रेंच राज्यक्रांती’ किंवा ‘दुसरे महायुद्ध’ हे प्रकरण आपल्या अक्षरात उतरवून काढतो. निबंध पुरा होतो. परंतु लिहिणाऱ्याला नवे काही उमगलेले नसते आणि वाचणाऱ्याच्या पदरीही काही पडत नाही. हा दोष शिक्षकाच्या बुद्धीचा नव्हे, विषय निवडण्याच्या रीतीचा आहे. विषय नीट निवडला म्हणजे निबंधाचे अर्धे काम झाले, असे समजण्यास हरकत नाही.

१. क्षेत्र आणि विषय

‘फ्रेंच राज्यक्रांती’ हा निबंधाचा विषय नव्हे. ते एक विस्तीर्ण क्षेत्र होय. मोकळ्या रानात पाणी सोडले तर ते पसरते आणि जिरून जाते. वाफे पाडले तर तेच पाणी मुळापर्यंत पोहोचते. निबंधाचेही तसेच आहे. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९३० ते १९३३ या काळात, मुख्यतः तुरुंगातून, आपली कन्या इंदिरा हिला जगाच्या इतिहासाविषयी पत्रे लिहिली. ती १९३४ साली ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पत्रांची संख्या १९६ आहे, आणि तरीही ग्रंथाच्या नावातच हे केवळ ओझरते दर्शन असल्याची कबुली आहे. जे सांगण्यास जवळजवळ दोनशे पत्रे अपुरी पडली, ते आठ-दहा पानांच्या निबंधात कसे मावणार?

२. गावाकडून जगाकडे

याच ग्रंथाचे लेखक ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील यावल तालुक्यात फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अध्यक्ष म्हणून आले. राष्ट्रसभेचे खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अधिवेशने शहरांत न भरवता खेड्यांत भरवावी, हा गांधीजींचा आग्रह त्यामागे होता. अधिवेशनासाठी उभारलेल्या वसाहतीला टिळकनगर असे नाव देण्यात आले. बांबू व तत्सम साध्या ग्रामीण साहित्यातून तिची सजावट करण्याचे काम शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केले. साने गुरुजींनी या अधिवेशनाच्या तयारीसाठी खानदेशात कष्ट घेतले, हे शिक्षकवर्गास विशेष अभिमानाने आठवावे असे आहे.

येथवरचा मजकूर स्थानिक इतिहासाचा झाला. परंतु अध्यक्षीय भाषणाकडे वळताच दृष्टी एकदम विस्तारते. त्या वर्षी जुलै महिन्यात स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते, तर मे महिन्यात इटलीने अबिसीनिया गिळंकृत केला होता. या दोन्ही घटनांचा परामर्श त्या भाषणात होता. दुसरीकडे, याच अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. शेतसारा व खंड कमी व्हावा, शेतकऱ्याच्या कर्जाचा भार हलका व्हावा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, अशा मागण्या त्यात होत्या.

शिक्षकाने थांबावे ते येथे, आणि विचारावे : सातपुड्याच्या बाजूच्या एका खेड्यात स्पेनचे नाव का निघावे? आणि शेतकऱ्याचे कर्ज याच सुमारास राष्ट्राच्या विषयपत्रिकेवर का यावे? ज्या प्रश्नाचा आरंभ गावात आणि उत्तर गावाबाहेरच्या जगात सापडते, तो प्रश्न म्हणजे जगाच्या इतिहासावरील निबंधाचा उत्तम विषय होय.

३. विषयाला बांध घालणे

विषयाला स्थळ, काळ आणि प्रश्न असे तीन बांध हवेत. वरील दुसरा प्रश्न उदाहरणादाखल घेऊ. ‘जागतिक मंदी’ असे नाव दिले तर ते नुसते क्षेत्र झाले. ‘जागतिक मंदी आणि हिंदुस्थान’ असे म्हटल्याने स्थळ आले, पण तेही फार मोठे. ‘जागतिक मंदी आणि पूर्व खानदेशातील कापूस पिकविणारा शेतकरी, १९२९ ते १९३६’ येथे स्थळ व काळ हे दोन्ही बांध पडले. तिसरा बांध प्रश्नाचा : ‘१९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळल्यामुळे पूर्व खानदेशातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर व कर्जावर काय परिणाम झाला, आणि १९३६ च्या फैजपूर येथील शेतीविषयक कार्यक्रमात तो कितपत उमटला?’ आता विषय हाती आला.

हा प्रश्न सोडविताना जगाचा व्यवहार आपोआप उलगडत जातो. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदी देशोदेशी पसरली. १९२८ ते १९३४ या काळात हिंदुस्थानात गव्हाचा भाव सुमारे निम्म्यावर आला. सारा मात्र रोख रुपयांत ठरलेला होता आणि सावकाराचे देणेही रुपयांतच होते. समजा, एखादा शेतकरी पूर्वी दोन मण धान्य विकून सारा भरत असेल, तर भाव निम्मा झाल्यावर त्याला तेवढ्याच साऱ्यासाठी चार मण विकणे भाग होते. पीक बुडाले नव्हते, पाऊस चुकला नव्हता. तरी घर बुडत होते. हे गणित ज्याला समजले त्याला जागतिक मंदी समजली.

याच रीतीने दुसराही विषय बांधता येईल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले व उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तेथूनच येत असे. तो थांबताच पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरला. त्या चार वर्षांत खानदेशच्या काळ्या जमिनीत कोणते बदल झाले आणि त्यांतील कोणते टिकले, हा प्रश्नही अभ्यासास योग्य आहे.

४. साधनांची पाहणी

विषय कायम करण्यापूर्वी साधने मिळतील किंवा नाही याची पाहणी करावी. अधिवेशनाचे ठराव व अध्यक्षीय भाषण छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. खानदेशाविषयीचा गॅझेटियरचा खंड १८८० सालचा आहे. कापसाच्या जुन्या प्रश्नास तो उपयोगी पडेल, मंदीच्या प्रश्नास नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांतील बाजारभाव, जुनी खातेपुस्तके, साऱ्याच्या पावत्या, गहाणखते, सहकारी सोसायट्यांची दप्तरे ही खरी साधने होत. ती माळ्यावरच्या पेट्यांत पडलेली असतात, आणि दर पावसाळ्यात त्यांतील काही वाळवीच्या मुखी जातात. मालकाच्या अनुमतीने अशा कागदाची नक्कल करून ठेवणे हेदेखील मोठेच काम आहे. मात्र कोणाच्या कर्जाचा तपशील नावानिशी निबंधात देऊ नये.

वृद्धांच्या आठवणीही घ्याव्यात. परंतु अधिवेशनास आता सुमारे नव्वद वर्षे होत आली. आज मिळणारी आठवण बहुधा वडिलांकडून ऐकलेली असते. ती तशीच, ‘ऐकीव’ म्हणून नोंदवावी.

५. दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना कार्यकारणाची. मंदी आधी आली व अधिवेशन नंतर भरले, एवढ्यावरून मंदीमुळेच तो कार्यक्रम झाला असे सिद्ध होत नाही. शेतकऱ्यांच्या चळवळी आणि १९३७ च्या आरंभी व्हावयाच्या निवडणुका हीही कारणे तपासावी लागतील.

दुसरी सूचना अभिमानाची. आपल्या भागाचे नाव मोठे व्हावे ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि तिच्यामुळे आकडे फुगवू नयेत. अधिवेशनास जमलेल्या लोकांचा आकडा द्यावयाचा असेल, तर तो कोणी, केव्हा व कशावरून सांगितला हेही लिहावे. तसे सांगता येत नसेल तर आकडा गाळावा. आकड्यावाचून निबंध उणा होत नाही. खोट्या आकड्याने मात्र होतो.

६. वर्गातील उपयोग

शिक्षकाने स्वतः असा एक निबंध लिहिला म्हणजे त्याच्या शिकवण्यात फरक पडतो. इतिहास दूर कोठे तरी, मोठ्या माणसांच्या हातून घडतो आणि आपल्या गावाचा त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत अनेक मुलांच्या मनात नकळत रुजलेली असते. आजोबांच्या घरातील साऱ्याची पावती फळ्याजवळ धरून शिक्षकाने न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली, तर ती समजूत एका तासात ढळते. जगाच्या नकाशावर आपलेही घर आहे, हे त्या मुलाला प्रथमच दिसते.

अभ्यासासाठी

(१) आपल्या गावातील अशी एक वस्तू, पीक किंवा घटना निवडा, जिचे कारण परदेशात सापडेल.
(२) तिच्यावरून एक प्रश्न तयार करा. त्यात स्थळ व काळ यांची मर्यादा स्पष्ट असावी.
(३) त्या प्रश्नासाठी गावात व तालुक्यात मिळू शकणारी तीन साधने लिहा.
(४) त्यांतील एक साधन स्वतः पाहून या आणि त्यानंतरच निबंधाचे शीर्षक कायम करा.