थर्डमध्ये चल

वाई
५ जून २०२३

चि. सई हिस,


जीप घेतल्याचं ताईने फोनवर सांगितलं, फोटोही पाहिला. महिंद्राची ५४०, प्यूजो इंजिन, चार गिअर, वर कापडी हूड. गाडी चांगली आहे. "पण हे डबडं खंबाटकीचा घाट चढणार कसं?" हा ताईचा प्रश्न. चढेल. तू मात्र बाबांच्या कारवर शिकलीस, तिथे चढ आला की पाय दाबायचा एवढंच. इथे पाय दाबून फक्त धूर निघेल.

तुझं इंजिन २,१०० सीसीचं, ताकद साठ-बासष्ट अश्वशक्ती, तीही नवं असताना. आजच्या डिझेल थारचं इंजिनही जवळपास तेवढ्याच मापाचं, पण टर्बोमुळे आणि नव्या इंजेक्शनमुळे १३० देतं. म्हणून थारवाल्यांचे सल्ले ऐकू नकोस. त्यांच्याकडे आहे ते तुझ्याकडे नाही.

घाट चढायला किती ताकद लागते हे जितकं चढावर ठरतं तितकंच वेगावर. तू इंजिनिअर, म्हणून आकडे देतो. माणसं-सामानासकट सोळाशे किलो धर, चढ विसाला एक. ताशी ८० किलोमीटरने चढायचं तर नुसतं वजन उचलायला २३ अश्वशक्ती, त्या उभ्या काचेने वारा कापायला बारा-एक, टायरच्या घर्षणाला नऊ-दहा, वर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जिरणारी वेगळी. बेरीज ५५ च्या आसपास जाते. म्हणजे इंजिनात असेल नसेल ते सगळं काढायचं, आणि टॉप गिअरमध्ये ते निघतही नाही, कारण पूर्ण ताकद ज्या फेऱ्यांवर मिळते तिथवर इंजिन पोचतच नाही. तोच चढ ५० ने चढ. सगळं मिळून तीसच्या आत-बाहेर लागतात. अर्ध्या ताकदीत गाडी वर.

लांबून वेग घेऊन चढावर झेपावायचं, हा सल्लाही तुला मिळाला असेल. थोडा खरा आहे. ८० वरून ५० वर येईपर्यंत त्या वेगाची पुंजी तुला पंधरा मीटर उंची देते. विसाला एक चढावर तो झाला तीनशे मीटर रस्ता. घाटाच्या मानाने काहीच नाही, आणि पुढे ट्रक आडवा आला तर तेही ब्रेकमध्ये गेलं. पायथ्याशी वेग असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

भरवसा गिअरवर ठेव. इंजिन गुदमरल्यावर गिअर उतरवणं म्हणजे उशीर झाला. तोवर वेग इतका पडलेला असतो की थर्डही पुरत नाही, सेकंड टाकावा लागतो. चढ दिसला, आवाज जड व्हायला लागला, की लगेच थर्ड. तुझ्या डॅशबोर्डावर फेऱ्यांचा काटा नाही, तेव्हा कानाने चालव. आवाज मोकळा, एकसुरी हवा. घुरघुर, थरथर नको. जुन्या गिअरबॉक्सचं सिंक्रो झिजलेलं असतं, म्हणून थर्डवरून सेकंड टाकताना डबल क्लच कर: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि गिअर. सपाट रस्त्यावर आधी हात बसवून घे.

लोकांना वाटतं खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं म्हणजे तापतं. घाटात बहुतेकदा उलटं. पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात. टॉपमध्ये रडतखडत चढलीस तर भार पूर्ण आणि पंखा मंद, काटा वर जाणारच. थर्डमध्ये हवा आणि पाणी दोन्ही जोरात फिरतात. तरी काटा चढलाच तर रुंद जागा बघून बाजूला घे, इंजिन लगेच बंद करू नकोस, थोडा वेळ चालू राहू दे. रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही, कुणी शहाणा काहीही सांगो.

आरशात मागे काळा धूर दिसला तर पाय किंचित उचल. तो न जळालेल्या डिझेलचा धूर, त्याने गाडी एक वीतही जास्त ओढत नाही. उंचीवर हवा विरळ होते, म्हणून टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटर उंचीला अंदाजे एक टक्का ताकद गमावतं. पुण्यातच पाच-सहा टक्के गेलेले असतात, पाचगणीला बारा-तेरा जातील. लडाखचं तुझं स्वप्न ताईने सांगितलं. खार्दुंग ला तर ५,००० मीटरच्या वर आहे. त्यावर वेगळं बोलू.

खरी अडचण इंजिनाची नाही, मागून वाजणाऱ्या हॉर्नची आहे. एसटीच्या वर्कशॉपात जळक्या क्लचप्लेटा उतरवताना मला नेहमी वाटायचं की यातल्या निम्म्या तरी चढाने नाही, लाजेने जळल्या. मागचा घाई करतो, चालक शरमतो, हाफ क्लचवर गाडी रेटतो, ट्रकला ओव्हरटेक करायला जातो आणि मध्येच अडकतो. भरलेला ट्रक पंधरा-वीसने चढतो. तू त्याच्या मागे डाव्या लेनमध्ये राहा, पण इतकं अंतर ठेवून की तो थांबला तरी तुला लगेच थांबायला लागू नये. थांबलीसच तर हँडब्रेकवर उभी कर, क्लचवर तोलून धरू नकोस. हॉर्न वाजवणारा चार मिनिटांत पुढे जातो आणि तुला कायमचा विसरतो.

फोर व्हीलचा दांडा डांबरावर विसर. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि या गाडीत तो फरक सोसणारं डिफरन्शियल मध्ये नाही. कोरड्या रस्त्यावर सगळा ताण दातऱ्यांवर येतो. फ्री-व्हील हब असतील तर निघण्याआधी सोडून ठेव, पुढचा अॅक्सल फुकट फिरणार नाही.

३१ इंची टायर घालायचे म्हणतेस. घालू नकोस. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर आठ-नऊ टक्क्यांनी लांब होतो, म्हणजे आज थर्डमध्ये निघणारा चढ उद्या सेकंडमध्ये. शिवाय स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवेल. लोखंडी बंपर, छतावरचं कॅरिअर, दोन जेरीकॅन हेही राहू दे. हौस मला कळते, पण ते सगळं चढावर तुलाच उचलायचंय.

पुण्याहून जुन्या रस्त्याने येताना खंबाटकीचा घाट चढावाच लागतो, जुना बोगदा साताऱ्याकडून येणाऱ्यांसाठी आहे.  परतताना बोगद्यातून निघालीस की उतारावरचं ते एस वळण लागतं, तिथे अपघात होतात. आधीच थर्ड टाकून इंजिनावर उतर, न्यूट्रल अजिबात नको.

निघण्याआधी रेडिएटरचे होज आणि फॅनबेल्ट बदलून घे, एअर फिल्टर साफ कर. पहाटे पाचला नीघ, म्हणजे ऊन आणि ट्रक दोन्ही कमी. वाईला आलीस की पसरणीचा घाट आपण मिळून चढू. चालवायचं तूच, मी शेजारी बसेन, गप्प बसेन असं मात्र सांगत नाही. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा