शिकलेलं पिल्लू पुन्हा घरात शू करू लागलं, तर?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, आमच्या घरातल्या पिल्लाचा आहे. पण शेवटी तो पहिलीच्या वर्गात येऊन पोहोचतो, म्हणून इथे लिहितेय.

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीच्या हट्टापायी दोन महिन्यांचं गावठी पिल्लू घरी आलं. नाव ठेवलं चिंगी. सुट्टी असल्यामुळे मी दिवसभर घरीच. चिंगी झोपून उठली की अंगणात, जेवली की अंगणात, खेळून झालं की पुन्हा अंगणात. जून उजाडेपर्यंत ती स्वतःच दाराशी जाऊन कुईकुई करायला लागली. आम्ही म्हटलं, झालं, शिकली!

मग शाळा सुरू झाली. पाऊसही सुरू झाला. आणि आठवड्याभरात चिंगी पुन्हा घरात शू करू लागली. कधी कपाटामागे, कधी पायपुसण्यावर. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "त्यात नाक घासा तिचं, अद्दल घडेल." मी नाक घासलं नाही, पण एकदा दमून घरी आले तेव्हा जोरात ओरडले आणि फटकाही दिला. दुसऱ्या दिवसापासून मी घरात शिरले की चिंगी पलंगाखाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जमत नसेल तर देऊन टाक कुणाला तरी." त्या रात्री लेक जेवली नाही.

आधी डॉक्टर, मग शिकवणी

शिकलेलं पिल्लू अचानक चुकायला लागलं तर पहिली शंका आजाराची घ्यावी. थोडी थोडी, वारंवार शू होणं, करताना कण्हणं, रक्त दिसणं, नेहमीपेक्षा जास्त पाणी पिणं ही लक्षणं मूत्रमार्गाच्या संसर्गाची असू शकतात. अशा वेळी शिस्त नाही, औषध लागतं. आम्ही चिंगीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तपासणीत काही निघालं नाही.

मग केला निरीक्षण तक्ता

लेक तिसरीत आहे. तिला म्हटलं, "आपण रागवायचं नाही, फक्त लिहायचं." वेळ, जागा, त्याआधी काय झालं, घरात कोण होतं असे चार रकाने. पाच दिवसांत तक्ताच बोलायला लागला.

१. वेळ : बहुतेक वेळा दुपारी अडीच-तीनला. मी शाळेत, सासूबाई झोपलेल्या. ढोबळ नियम असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला तर जास्तीत जास्त तितके तास ते दिवसा कळ धरू शकतं. चिंगी तीन महिन्यांची, म्हणजे फार तर ४ तास. आम्ही तिला ७ तास कोंडत होतो! गणित आमचं चुकलं होतं.

२. पाऊस : सकाळी ती ओल्या अंगणात पाऊलच टाकायची नाही. दारातून परत फिरायची आणि आत येऊन मोकळी व्हायची.

३. जागा : कपाटामागचीच जागा पुन्हा पुन्हा. फिनेलने पुसल्यावर आपल्याला वास येत नाही, कुत्र्याच्या नाकाला येतो. तो वास म्हणजे त्याच्यासाठी "इथेच करायची" अशी पाटी.

४. भीती : हा रकाना वाचून मला वाईट वाटलं. मी ओरडल्यानंतर ती माझ्यासमोर अंगणातसुद्धा शू करेना. तिला "घरात करू नये" कळलं नव्हतं, "बाईंसमोर करू नये" एवढंच कळलं होतं.

आम्ही काय बदललं

- सासूबाईंनी दुपारी एकला तिला बाहेर न्यायचं, शेजारच्या काकूंनी साडेतीनला. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्याआधीची फेरी मी आणि लेकीने वाटून घेतली.
- अंगणात पत्र्याखाली एक कोरडा कोपरा ठरवला. तिथे तिच्या शूचं फडकं ठेवलं. रोज तीच जागा, तोच शब्द.
- बाहेर केली की त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. घरात येऊन दिला तर ते "घरात आल्याचं" बक्षीस होतं.
- घरात करताना दिसली तर हळूच टाळी वाजवून, उचलून बाहेर. नंतर दिसलं तर काही न बोलता पुसायचं. झालेल्या गोष्टीची शिक्षा पिल्लाला जोडताच येत नाही.
- जागा आधी साबणाने, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसली.
- लक्ष ठेवणं शक्य नसेल तेव्हा तिला तिच्या अंथरुणाच्या छोट्या जागेत ठेवलं. पिल्लं सहसा झोपायची जागा घाण करत नाहीत. मात्र हे थोड्या वेळापुरतंच.

तीन आठवड्यांत तक्त्यातली शेवटची पानं कोरी राहिली. मधे एकदा चुकली. तेवढं चालायचंच. चिंगी घरातच आहे आणि मी आले की आता दाराशी येते.

आणि वर्गात?

दर जूनमध्ये पहिलीतलं एखादं मूल वर्गात चड्डी ओली करतं. घरी जमत असतं, शाळेत चुकतं. आपण पटकन म्हणतो, "एवढा मोठा झालास, सांगता येत नाही?" मूल म्हणजे पिल्लू नव्हे, पण प्रश्न तेच विचारावेत. शौचालय दूर आहे का? आत अंधार आहे का? कडी लागते का? मधली सुट्टी फार उशिरा होते का? की बाईंना विचारायचीच भीती वाटते? यावर्षी मी वर्गात सांगून टाकलं, "शू लागली तर हात वर करा आणि जा, परवानगीची वाट बघू नका." पहिले दोन दिवस रांग लागली, मग सगळं सुरळीत झालं.

शिकलेलं विसरणं हा उद्धटपणा नसतो. बहुतेक वेळा आजूबाजूचं काहीतरी बदललेलं असतं. म्हणून पालकहो, ओरडण्याआधी एकदा तक्ता करून बघा. मुलांकडूनच करून घ्या, परिसर अभ्यासाचा छान उपक्रमही होईल.