इमारत कोणीं बांधिली?



गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आम्हीं नववीच्या वर्गास 'आमच्या शाळेची इमारत' ह्या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. बहुतेकांनीं लांबी, रुंदी, खिडक्यांची संख्या व कमानींची शोभा हीं व्यवस्थित वर्णिलीं होतीं. एका मुलाच्या वहींत मात्र निराळाच मजकूर आढळला. त्याचे वडील पाथरवट. जोत्याच्या घडीव दगडांवर टांकीच्या ज्या खुणा दिसतात, त्या निदान तीन वेगळ्या हातांच्या आहेत, असें वडिलांनीं त्यास सांगितलें होतें. आणि त्या तिघांस त्या काळीं रोज काय मिळत असावा, ह्या प्रश्नावर त्यानें अर्धें पान खर्चिलें होतें. आम्हीं समासांत तांबड्या शाईनें 'विषयांतर' असा शेरा मारिला आणि दोन गुण कापिले.

शेरा चुकीचा होता, हें पुढें एका इंग्रज ग्रंथकारानें आम्हांस शिकविलें. त्यांचा परिचय तुम्हांस व तुमच्या पालकांस करून द्यावा म्हणून हा लेख.

जॉन रस्किन ह्यांचा जन्म १८१९ सालीं लंडन येथें झाला. वडील मद्याचे सधन व्यापारी. आई अत्यंत भाविक. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी तिची फार इच्छा, आणि त्यासाठीं ती त्याच्याकडून रोज पवित्र शास्त्र वाचवून घेई, अध्यायचे अध्याय पाठ करवी. मुलगा उपदेशक झाला नाहीं. चित्रें व इमारती ह्यांचा टीकाकार झाला. परंतु संदेष्ट्यांची वाणी त्याच्या कानांत बसली ती बसलीच. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायांत यहोयाकीम राजाची कानउघाडणी आहे ती आठवा. राजा प्रशस्त वाडा बांधतो, गंधसरूची तावदानें लावितो, हिंगुळाचा रंग देतो. संदेष्टा त्यास विचारतो काय, तर मजुरांच्या मजुरीचें! वाडा सुंदर आहे कीं नाहीं, ह्याविषयीं तो एक अक्षर बोलत नाहीं.

रस्किन ह्यांनीं हाच प्रश्न अभ्यासिकेंत आणिला. १८४९ सालच्या 'वास्तुकलेचे सात दीप' ह्या ग्रंथांत त्यांनीं असें सुचविलें कीं, नक्षीकाम पाहतांना पहिला प्रश्न हा करावा, कीं कोरणाऱ्यास तें कोरतांना आनंद होत होता काय. पुढें 'व्हेनिसचे पाषाण' ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत (१८५३) गॉथिक शैलीवर जें प्रकरण आहे, त्यांत ह्या विचाराचा पूर्ण विस्तार झाला. युरोपांतील जुन्या मंदिरांवरील नक्षी पुष्कळदां ओबडधोबड असते. एक पान दुसऱ्यासारखें नसतें. पंडित त्यास दोष म्हणत. रस्किन म्हणाले, हाच तिचा गुण. जेथें प्रत्येक पान हुबेहूब सारखें, तेथें कारागिरास स्वतःचें डोकें चालविण्याची मोकळीक नव्हती, असें समजावें. ख्रिस्ती धर्म प्रत्येक आत्म्याचें मोल जाणतो आणि त्याच वेळीं प्रत्येकाचें अपुरेपण कबूल करितो. म्हणून ख्रिस्ती शिल्पानें अडाणी गवंड्याच्याही कल्पनेस भिंतीवर जागा दिली, असें त्यांचें प्रतिपादन.

ह्या प्रकरणांत कांचेच्या मण्यांचा जो दाखला आहे, तो आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. कांच तापवून तिच्या लांब काड्या ओढतात. मग कामकरी दिवसभर बसून त्या काड्यांचे बारीक तुकडे पाडितात. तुकडे पाडितां पाडितां हातास कायमचा कंप सुटतो आणि मणी गारांसारखे टपटप खालीं पडत असतात. काडी ओढणारा असो कीं तुकडे पाडणारा असो, त्या कामांत माणसाच्या बुद्धीस यत्किंचितही वाव नाहीं. म्हणून जी तरुणी असे मणी विकत घेते, ती गुलामांच्या व्यापारांत भागीदार होते, असें रस्किन सरळ लिहितात. वाक्य कठोर खरें. परंतु श्रमविभाग म्हणून आपण ज्याचें कौतुक करितों, त्यांत श्रमाची नव्हे, माणसाचीच वांटणी होते, हें त्यांचें म्हणणें अद्याप कोणीं खोडून काढिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. जुन्या काळच्या गवंड्यांचें सुख त्यांनीं थोडें फुगवून सांगितलें, हें मात्र आम्हांस मान्य आहे. त्यांनाही मुकादम होताच.

१८५४ सालीं लंडनांत कामकऱ्यांसाठीं एक कॉलेज निघालें. त्याचे संस्थापक फ्रेडरिक मॉरिस हे स्वतः धर्मोपदेशक. उद्घाटनाच्या वेळीं हेंच प्रकरण निराळें छापून वांटण्यांत आलें, आणि रस्किन तेथें चित्रकला शिकवूं लागले.

पुढील पाऊल साहजिक होतें. इमारतीचा न्याय मजुरीवरून करावयाचा, तर मजुरीचा न्याय कशावरून करावा? १८६० सालीं त्यांनीं एका मासिकांत चार निबंध लिहिले. वाचकांनीं इतका गहजब केला कीं, संपादक थॅकरे ह्यांस माला थांबवावी लागली. १८६२ सालीं ते पुस्तकरूपानें निघाले. पुस्तकाचें नांव मत्तयाच्या विसाव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून घेतलें आहे: 'ह्या शेवटल्यालाही'. सायंकाळीं एकच तास राबलेल्यास धन्यानें पूर्ण दिवसाचा दीनार दिला, हें मुलांस नेहमीं अन्यायाचें वाटतें. आम्हांसही लहानपणीं वाटे. पण त्या माणसास दिवसभर कामास कोणीं बोलाविलेंच नव्हतें. आणि त्याच्या घरच्या मुलांची भूक मात्र पूर्ण दिवसाची होती! १९०४ सालीं जोहान्सबर्गहून डर्बनला जातांना गांधीजींनीं हें पुस्तक आगगाडींत वाचलें, त्याच वर्षीं फिनिक्स येथें वसाहत केली, आणि १९०८ सालीं 'सर्वोदय' ह्या नांवानें त्याचा गुजराती सारांश प्रसिद्ध केला.

रस्किन पुढें ऑक्सफर्ड येथें कलेचे प्राध्यापक झाले. १८७४ सालीं ते आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन जवळच्या हिंक्सी गांवीं रस्ता करावयास गेले. थोरामोठ्यांचे मुलगे कुदळी घेऊन माती खणतात, हें पाहावयास गांव लोटला; वर्तमानपत्रांनीं टवाळी केली; आणि रस्ता, खरें सांगावयाचें तर, वाईटच झाला. परंतु खणणारांचा एक मुकादम आर्नोल्ड टॉयन्बी नांवाचा तरुण होता. त्याच्या अकालीं मृत्यूनंतर १८८४ सालीं लंडनच्या दरिद्री वस्तींत, विद्यापीठांतील तरुणांनीं गरिबांशेजारीं राहावें म्हणून जें घर उघडलें, त्यास त्याचें नांव दिलें.

आतां एक कटु गोष्ट. १८५७ च्या उठावानंतर रस्किन ह्यांनीं एका व्याख्यानांत भारतीय कलेची सरसहा निंदा केली, आणि तींतून भारतीयांच्या स्वभावाचा निकाल लाविला. जो मनुष्य व्हेनिसच्या अनामिक पाथरवटाचा हात दगडांतून ओळखीत होता, त्यास आमच्या कारागिराचा हात दिसला नाहीं. हें आम्हीं झांकून ठेवणें म्हणजे त्यांनींच शिकविलेल्या सत्याचा द्रोह होय.

मुंबईस गेलात तर विद्यापीठाचें ग्रंथालय व त्यावरील राजाबाई मनोरा पाहा. काम १८६९ सालीं सुरू झालें, १८७८ सालीं पुरें झालें. नकाशे सर गिल्बर्ट स्कॉट ह्यांनीं इंग्लंडांत बसून काढिले. ते मुंबईस कधीं आलेच नाहींत. पैसा शेट प्रेमचंद रायचंद ह्यांचा, व नांव त्यांच्या मातोश्रींचें. अमेरिकेंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शेटजींची संपत्ति वाढली ती त्या तेजींत. मनोऱ्यावर पश्चिम भारतांतील नानाविध जातींच्या लोकांच्या मूर्ति आहेत. दाता व शिल्पज्ञ ह्यांचीं नांवें परीक्षेंत विचारितात. दगड खाणींतून काढून वर चढविणारांविषयीं अद्याप एकही प्रश्न आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

त्या मुलाची वही आम्हीं परत मागविली, शेरा खोडिला, दोन गुण दिले. मग त्याच्या प्रश्नाचें उत्तर शोधावें म्हणून कचेरींतील जुन्या जमाखर्चाच्या वह्या काढिल्या. चुन्याचा भाव, सागवानाचा भाव, घंटेचें गाडीभाडें, सर्व निरनिराळें लिहिलें आहे. पाथरवटांसंबंधीं 'दगडकाम, मजुरीसह' अशी एकच ओळ व एकच आंकडा. मुलगा आतां दहावींत आहे. येत्या नाताळच्या सुटींत त्याचे वडील शाळेंत येऊन जोत्यावरील खुणा आम्हांस समजावून देणार आहेत. त्यांनीं सांगून ठेविलें आहे कीं सकाळीं लौकर यावें. ऊन वर चढलें म्हणजे टांकीची खूण नीट दिसत नाहीं.